परदेशात स्वयंसेवी काम: कोल्हापुरातून सुरुवात कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २५, राहणार कोल्हापूर, बी.एस्सी. झालेलं, कॉलेजात दोन वर्षं एनएसएस, नंतर गावच्या दूध संस्थेत दोन वर्षं काम. परदेशात काही महिने स्वयंसेवी काम करायची इच्छा आहे. एका कंपनीने पूर्व आफ्रिकेतल्या अनाथाश्रमात मुलांना शिकवण्याचं चार आठवड्यांचं ‘पॅकेज’ सुचवलंय. दीड लाख रुपये, विमानाचं तिकीट वेगळं. ते घ्यावं का, आणि नाही घेतलं तर सुरुवात कुठून करावी?

घेऊ नका. पैसे हे त्याचं दुसरं कारण. पहिलं कारण ती मुलं आहेत. नेपाळ आणि कंबोडियात केलेल्या पाहण्यांतून दिसलंय की अनाथाश्रमांत ठेवलेल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पैसे देणारे परदेशी पाहुणे येत राहतात, म्हणून गरीब घरांतून मुलं आणून अशा संस्था भरल्या जातात. जी संस्था पोलिसांचा दाखला न मागता अनोळखी माणसाला थेट मुलांमध्ये सोडते, ती त्या मुलांची काळजी घेत नसते. शिवाय दर महिन्याला नवी ‘ताई’ येऊन लळा लावून निघून जाते, त्याचा मुलांना त्रासच होतो. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात, अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवी उपक्रमांमुळे होणारी हानी रोखा, असं सदस्य देशांना सांगितलं. मुलांसोबतच काम करायचं असेल तर स्थानिक शिक्षकांना मदत करणारी, किमान सहा महिने मागणारी आणि तुमची नीट चौकशी करणारी संस्था शोधा.

आता सुरुवातीकडे. बहुतेकजण देश आधी ठरवतात आणि काम नंतर शोधतात. क्रम उलटा हवा. आपल्याकडे असं काय आहे जे तिकडे कमी पडतंय, हे आधी कागदावर उतरवायचं. तुमच्या बाबतीत उत्तर समोर आहे: दूध संस्था. दुधातलं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) काढणं, बल्क कूलरचं तापमान आणि स्वच्छता सांभाळणं, सभासदांची दहा दिवसांची बिलं काढणं, पशुखाद्याची उधारी बिलातून वळती करणं, दूध नासलं तर ते कुठल्या कॅनमधून आलं हे शोधणं. कोल्हापूर जिल्ह्यात हे रोजचं वाटतं. केनियासारख्या देशात दूध मुख्यतः लहान शेतकऱ्यांकडून येतं, नेपाळमध्ये म्हशीच्या दुधावर चालणाऱ्या सहकारी संस्था आहेत. तिथे हेच काम येणारा माणूस लागतो. चार आठवडे इंग्रजीची बाराखडी शिकवण्यापेक्षा एखाद्या संकलन केंद्राची नोंदवही नीट लावून देणं आणि ते तिथल्या दोघांना शिकवून येणं किती तरी मोलाचं आहे.

हे फक्त दुधापुरतं नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतला फाउंड्रीवाला, उपसा जलसिंचन संस्थेचे पंप सांभाळणारा, सीपीआर या सरकारी रुग्णालयात काम केलेली परिचारिका, सहकारी पतसंस्थेचे हिशेब तपासणारा, या सगळ्यांकडे देण्यासारखं आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पूरग्रस्तांसाठी काम केलेल्यांकडेही आहे. पूरनियंत्रण कक्षात याद्या केल्या असतील, छावणीत धान्यवाटपाचा हिशेब ठेवला असेल, तर परदेशातल्या मदतकार्यात नेमकं तेच लागतं. फक्त त्याचं पत्र हवं. व्हाईट आर्मीसारख्या आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थेबरोबर किंवा ग्रामपंचायतीबरोबर काम केलं असेल तर तारखा, काम आणि जबाबदारी लिहिलेलं पत्र आजच मागून घ्या. एनएसएसचं प्रमाणपत्रही शोधून ठेवा. त्यात दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर येतं, पण परदेशातल्या वाचकाला एनएसएस म्हणजे काय हे माहीत नसतं. म्हणून अर्जात ते एका ओळीत उलगडून सांगा.

मार्ग बरेच आहेत, तुमच्या वयाला लागू पडणारे थोडे.

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही, १९७० मध्ये सुरू झाला. त्याचं मुख्यालय जर्मनीतल्या बॉन शहरात आहे. त्यात युवा गट १८ ते २६ वयाचा आहे. विशेषज्ञ गटात यायला वय किमान २७ आणि अनुभव किमान तीन वर्षं लागतो. तुम्ही २५ च्या आहात, म्हणजे युवा गटाचा वेळ कमी उरलाय आणि विशेषज्ञ गटाला अजून अवकाश आहे. त्यामुळे नोंदणी आत्ताच करा आणि युवा गटाच्या जागा बघत राहा. निवड झाली तर निर्वाह भत्ता, प्रवासखर्च आणि विमा मिळतो. यूएनव्ही उमेदवाराकडून कुठल्याही टप्प्यावर एक रुपयाही घेत नाही. त्यांच्या नावाने कोणी ‘प्रोसेसिंग फी’ मागितली तर ती फसवणूकच समजा.

याच व्यासपीठावर ऑनलाइन स्वयंसेवी कामंही असतात. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि बारा आठवड्यांपर्यंत. भाषांतर, तक्ते भरणं, माहितीपत्रकं तयार करणं, संशोधनाला मदत अशी कामं घरी बसून करता येतात. माझ्या मते तुमची पहिली पायरी हीच. नोकरी न सोडता आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर काम कसं चालतं ते कळतं आणि कोल्हापूरबाहेरचा एक संदर्भ मिळतो. पुढच्या अर्जात त्या संदर्भाचं वजन पडतं.

जर्मनीचा मार्ग वेगळा आहे आणि तो गांभीर्याने विचारात घ्यावा असा आहे. ‘वेल्टवेर्ट्स’ या सरकारी कार्यक्रमात २०१३ पासून भारतासह भागीदार देशांतले तरुणही जर्मनीत स्वयंसेवक म्हणून जातात. वयोमर्यादा १८ ते २८. तिथला संघराज्य स्वयंसेवा उपक्रम, ज्याला सगळे बीएफडी म्हणतात, २०११ पासून आहे आणि परदेशी नागरिकांनाही खुला आहे. वृद्धाश्रम, अपंगांच्या संस्था, बालवाड्या, पर्यावरणाचे प्रकल्प अशा ठिकाणी साधारण वर्षभर पूर्णवेळ काम असतं. हातखर्चाचे पैसे, सामाजिक विमा आणि बऱ्याच ठिकाणी राहणं-जेवण मिळतं. २७ च्या आतल्यांसाठी वर्षाला २५ दिवसांची प्रशिक्षण सत्रंही असतात. अडचण भाषेची. वृद्धाश्रमातल्या आजींना कुठे दुखतंय हे समजायला हवं, त्यामुळे जर्मन भाषेची ए२ ही किमान पायरी धरा, तिच्या पुढची बी१ असेल तर जागा मिळणं सोपं. शिवाजी विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात जर्मन शिकता येतं, परीक्षेसाठी पुण्याचं मॅक्सम्युलर भवन आहे. नोकरी सांभाळून ए२ पर्यंत जायला आठ-दहा महिने धरा. एजंट याच जागांसाठी मोठ्या रकमा घेतात. प्रत्यक्षात तिथल्या संस्थांना थेट ईमेलने अर्ज करता येतो, फक्त चिकाटी लागते. चाळीस ठिकाणी लिहिलं तर तीन-चार ठिकाणांहून उत्तर येईल, असं गृहीत धरून बसा.

युरोपियन सॉलिडॅरिटी कोअरची जाहिरात सगळीकडे दिसते, पण तो मुख्यतः युरोप आणि त्याच्या शेजारच्या देशांतल्या तरुणांसाठी आहे. कोल्हापुरातून अर्ज करून त्यात वेळ घालवू नका. व्हीएसओ ही १९५८ पासूनची ब्रिटिश संस्था आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या दोन्ही अनुभवी व्यावसायिकांना घेतात. दुसरीचं कार्यालय दिल्लीत आहे, पण डॉक्टर, परिचारिका किंवा पुरवठा-व्यवस्थापनाचा पक्का अनुभव नसेल तर दोन-तीन वर्षांनी बघा.

फक्त दोन-तीन आठवडे काढता येणार असतील तर सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलची श्रमशिबिरं उत्तम. १९२० मध्ये पिएर सेरेझोल यांनी सुरू केलेली ही चळवळ १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये पुनर्वसनाच्या कामाला आली होती. तिची भारतातही शाखा आहे. सहभाग शुल्क माफक असतं, राहणं-जेवण यजमान करतात, प्रवास आपला. शिबिरातून जगाची पाहणी होते, पण तिथे तुमचं दूध संस्थेचं कौशल्य वापरलं जाईल अशी अपेक्षा धरू नका.

आणि वूफ, वर्कअवे यांसारखे प्रकार: दिवसाला चार-सहा तास शेतावर किंवा हॉस्टेलमध्ये काम, बदल्यात खोली आणि जेवण. शिकायला छान, पण इथे व्हिसाचा मोठा खड्डा आहे.

व्हिसा या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त बेत मोडतात. पगार घेत नाही म्हणजे ते काम नाही, असं आपल्याला वाटतं. अनेक देशांचा कायदा तसं मानत नाही. खोली आणि जेवण हाही मोबदलाच. थायलंडमध्ये स्वयंसेवकाला पर्यटक म्हणून काम करता येत नाही, नॉन-इमिग्रंट ‘ओ’ व्हिसा आणि कामाचा परवाना लागतो. टांझानियात स्वयंसेवकांसाठी ‘क्लास सी’ निवास परवाना आहे. केनियाची ई-परवानगी देशात शिरण्यापुरती असते, तिच्यावर काम करता येत नाही. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवी काम चालतं, तेही प्रवासाचा मुख्य हेतू दुसरा असेल तर. त्याहून जास्त काळ राहायचं तर चॅरिटी वर्कर व्हिसा. त्यासाठी परवानाधारक संस्थेचं प्रायोजकत्व लागतं आणि संस्थेने हमी घेतली नसेल तर खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस दाखवावे लागतात. हे पैसे शेवटच्या आठवड्यात काकांकडून घेऊन भरले आणि मग अर्ज फेटाळला गेला, असं वारंवार घडतं, कारण मोजणी सलग दिवसांची असते.

त्यामुळे संस्थेला पहिल्याच पत्रात हा प्रश्न विचारा: ‘मी कुठल्या प्रकारच्या व्हिसावर येणार आणि त्याची कागदपत्रं कोण देणार?’ उत्तर ‘टुरिस्ट व्हिसावर या, काही होत नाही’ असं आलं तर तिथेच थांबा. पकडलं गेलं तर परत पाठवलं जातं, पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ‘कधी हद्दपार केलं आहे का’ याला ‘हो’ लिहावं लागतं, आणि संस्था मात्र नामानिराळी राहते. आग्नेय आशियात बोलावून लोकांना ऑनलाइन फसवणुकीच्या केंद्रांत डांबल्याबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने वारंवार इशारे दिलेत. ती बोलावणीही अशीच येतात: पर्यटक व्हिसा, तातडीने निघा, पत्ता पोहोचल्यावर कळेल.

पहिलाच अनुभव घ्यायचा असेल तर नेपाळ सर्वांत सोपा. भारतीय नागरिकाला तिथे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्ड मात्र १५ ते ६५ वयोगटाला या प्रवासासाठी चालत नाही, आणि हे अनेकांना विमानतळावरच कळतं.

आता संस्था तपासण्याबद्दल. लेखी विचारा: माझं रोजचं काम नेमकं काय, माझ्यावर देखरेख कोणाची, माझ्या आधी हे कोण करत होतं आणि मी गेल्यावर कोण करणार? स्थानिक माणूस पगारावर का ठेवला नाही? शुल्क असेल तर त्यातले किती स्थानिक संस्थेला जातात? मी आजारी पडले किंवा मध्येच परतले तर पैशांचं काय? मागच्या वर्षभरातल्या दोन स्वयंसेवकांशी बोलता येईल का? या शेवटच्या प्रश्नावर खोटी संस्था टाळाटाळ करते. स्वयंसेवकांपैकी एक तरी भारतीय मिळाला तर जास्त बरं, कारण युरोपियन पासपोर्टवाल्याला न येणाऱ्या अडचणी आपल्याला येतात आणि त्या तोच सांगू शकतो. शुल्क घेणारी प्रत्येक संस्था लबाड नसते. राहणं, जेवण, प्रशिक्षण यांना खर्च येतो. पण रक्कम वैयक्तिक खात्यावर मागितली, निवडीसाठी मुलाखतच झाली नाही, किंवा ‘पोहोचल्यावर पासपोर्ट आमच्याकडे जमा’ असं लिहिलं असेल, तर नको.

कागदपत्रांना वेळ लागतो, त्यामुळे ती आधी सुरू करा. कोल्हापूर पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतं, पण कोल्हापुरात टपाल खात्याचं पासपोर्ट सेवा केंद्र असल्याने साध्या अर्जासाठी पुण्याला जावं लागत नाही. ३६ पानांच्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये, तत्काळसाठी वर २,०००. दहावी उत्तीर्ण असल्याचा पुरावा जोडा म्हणजे परदेशी नोकरीसाठीचा ‘ईसीआर’ शिक्का (म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी घेण्याची अट) लागत नाही. गेल्या वर्षभरातले सगळे पत्ते लिहा. पुण्यात सहा महिने भाड्याने राहून ते लपवलं तर पोलीस पडताळणीत अडकतं.

नावाची गडबड हा आपल्याकडचा खास प्रश्न. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जातं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर पदवी एका नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाने. संस्थेचं निमंत्रणपत्र, विमा, तिकीट, लसीचा दाखला हे सगळं पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणेच करून घ्या, एका अक्षराचाही फरक नको. पदवीवरचं नाव वेगळं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवा.

मुलं, वृद्ध किंवा रुग्ण यांच्यासोबत काम असेल तर पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र लागतं. शुल्क ५०० रुपये, आणि सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रांतही अर्ज घेतात. ते फार लवकर काढू नका. अनेक देश सहा महिन्यांपेक्षा जुनं प्रमाणपत्र स्वीकारत नाहीत. पदवीवर ॲपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) मागितलं तर आधी राज्य पातळीवरची साक्षांकनाची पायरी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची, त्यामुळे महिनाभर हातात ठेवा. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला बहुधा मुंबईला जावं लागेल. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी पोहोचता येतं, पण अपॉइंटमेंट सकाळी नऊची घेऊ नका. गाडीला उशीर झाला तर तारीख वाया जाते.

बायोडेटा दोन पानांचा. आपल्याकडच्या पद्धतीने वडिलांचं नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती लिहू नका. ‘दूध संस्थेत काम केले’ एवढ्याने काही कळत नाही. किती सभासद, रोज किती लिटर संकलन, तुम्ही नेमकं काय बदललं, हे आकड्यांत लिहा. संदर्भ म्हणून ज्यांची नावं देणार त्या सचिवांना किंवा प्राध्यापकांना आधी सांगा आणि त्यांचा रोज उघडला जाणारा ईमेल घ्या. परदेशातून आलेली चौकशी स्पॅममध्ये पडून राहिली म्हणून निवड गेलेली माणसं आहेत. मुलाखतीत ‘अडचणीच्या वेळी तुम्ही काय केलंत ते सांगा’ अशा धर्तीचे प्रश्न येतात. प्रसंग, तुमची जबाबदारी, तुम्ही केलेली कृती, परिणाम, या क्रमाने तीन-चार प्रसंग तयार ठेवा. ‘आम्ही’ म्हणायची आपली सवय इथे नडते. तुम्ही स्वतः काय केलंत ते विचारलेलं असतं.

आरोग्याच्या बाबतीत एक गोष्ट चुकवू नका. केनिया, युगांडा अशा देशांत जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतो. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. दाखल्याशिवाय परतलात तर भारतातच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. हिवतापाच्या गोळ्या परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात. डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे. घरी आल्यावर बरं वाटतंय म्हणून बंद करणं ही नेहमीची चूक. त्यानंतर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना कुठल्या देशातून आलात ते सांगायला विसरू नका.

विमा घेताना साधी ‘ट्रॅव्हल पॉलिसी’ पुरत नाही. अनेक पॉलिसींत अंगमेहनतीचं काम वगळलेलं असतं. म्हणजे गोठ्यात पाय घसरून हाड मोडलं तर दावा नामंजूर. ‘स्वयंसेवी आणि शारीरिक काम समाविष्ट’ असं कंपनीकडून लेखी घ्या आणि वैद्यकीय कारणाने मायदेशी आणण्याचा खर्च त्यात आहे का तेही बघा.

पैशांचा अंदाज करताना तिकीट, व्हिसा, लसी, विमा हे सगळ्यांना आठवतं. ऐन वेळी काढाव्या लागणाऱ्या परतीच्या तिकिटाचे पैसे आणि परतल्यावरचे नोकरी नसलेले दोन महिने हे राहून जातात. ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला हात लावू नका. घरचे नको म्हणत असतील तर वाद घालण्यापेक्षा संस्थेचा पत्ता, प्रमुखांचा फोन, विम्याचा क्रमांक आणि भारतीय दूतावासाचा संपर्क एका कागदावर लिहून त्यांना द्या. निम्मी भीती माहिती नसल्याची असते.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन: या महिन्यात यूएनव्हीवर नोंदणी आणि एक ऑनलाइन काम, सोबत पासपोर्ट. पुढच्या तीन महिन्यांत नेपाळ आणि पूर्व आफ्रिकेतल्या दुग्धव्यवसायाशी संबंधित दहा-पंधरा संस्थांना थेट पत्रं. जर्मनीचा विचार असेल तर भाषा लगेच सुरू. निघण्याची तारीख नऊ-दहा महिन्यांनंतरची धरा. संस्थेकडून सही-शिक्क्याचं पत्र हातात येईपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नका. शक्य असेल तर तुमच्या दूध संस्थेकडे बिनपगारी रजा मागा, कार्यकारी मंडळापुढे लेखी अर्ज ठेवला तर मिळूही शकते.

तिथे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात दूतावासात नाव नोंदवा. पासपोर्ट अडवून ठेवला किंवा अशी गंभीर तक्रार असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे. तिथून निघायच्या आधी शेवटच्या आठवड्यात संस्थेच्या लेटरहेडवर कामाचा तपशील आणि तारखा असलेलं पत्र सही करून हातात घ्या. परतल्यावर ईमेलने मागितलं तर तिथला समन्वयक तोवर बदललेला असतो आणि पत्र मिळत नाही.